पोरीचा राग आणि माझा

ज्या दिवशी माझ्या पोरीनं आईच्या कपाळावर कुकरचं झाकण फेकून मारलं, त्या दिवशी मी तिला इतकं बडवलं की संध्याकाळी माझंच मनगट सुजलं. सुरुवात इथूनच करतो. आडवळणानं सांगायला गेलो तर स्वतःचीच बाजू मांडत बसेन, मला माझी खोड माहिती आहे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. दिघीत आमच्या बिल्डिंगमध्ये वरून आरडाओरडा ऐकू आला की तळमजल्यावरचे म्हणतात, आला क्वालिटीवाला कंपनीतून.

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, वाईट निघाला तर का निघाला ते शोधायचं, हे माझं काम. वडील पिंपरीत कामगार होते. ते आम्हाला कमरेच्या पट्ट्यानं फोडायचे. मी पोरीवर पट्टा कधी उचलला नाही, आणि राव, त्याचा मला केवढा अभिमान होता! नुसत्या हातानं मारतो म्हणजे आपण सुधारलेले, असं मी धरून चाललो होतो.

पोरगी तेरा वर्षांची, आठवीत. एकच आहे. दहाव्या वर्षी तिला पहिली फिट आली, शाळेच्या जिन्यात. दुसरी घरी आली, तेव्हा शेजारची बाई तिला हुंगवायला चप्पल घेऊन धावली. मी ती चप्पल गॅलरीतून खाली भिरकावली आणि बाईला दार दाखवलं. आम्ही बौद्ध. उतारा, लिंबू, अंगात येणं, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. औषध करायचं ते डॉक्टरचं. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या फिटचं बघणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांनी गोळी सुरू केली. दोन वर्षं पोरीला एकदाही फिट आली नाही.

मग मागच्या वर्षी मॅडमनी गोळी बदलायची ठरवली. त्या दिवशी नेमका मी पोरीला घेऊन गेलो होतो. बायको तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये कँटीनला कामाला, तिला सुट्टी मिळाली नाही. मॅडम म्हणाल्या, ही आता मोठी होतेय, पाळी सुरू झालीय, ही जुनी गोळी मुलींना पुढं चांगली नाही. उद्या लग्न होईल, दिवस राहतील, तर पोटातल्या बाळाला त्या गोळीचा धोका असतो. तेव्हा आत्ताच हळूहळू बदलून टाकू. हे एवढं मला कळलं आणि पटलं. पुढचं मी ऐकलं नाही. कारण त्याच वेळी कंपनीतल्या लाइनवरून फोन आला. आटे न पाडलेल्या नटांचा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडं गेला होता आणि तिकडं बोंबाबोंब सुरू होती. मॅडम बोलत होत्या, फाइलवर लिहीत होत्या, आणि मी फोनवर हात ठेवून "हो मॅडम, हो मॅडम" करत होतो. बाहेर येऊन मेडिकलमधून पाकिटं घेतली, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि ती पिशवी कपाटावर टाकली. जुनी कधी कमी करायची, नवी कधी वाढवायची, तो कागद बायकोनं फ्रिजवर चिकटवला. महिन्याभरात जुनी बंद झाली, नवी पूर्ण सुरू झाली.

पोरगी बदलली ती तेव्हापासून. पण हे मी आज म्हणतोय.

आधी नुसती चिडचिड. भाजीत मीठ जास्त, ताट ढकलून दिलं. वेणी घट्ट झाली, कंगवा भिंतीवर. मी म्हटलं, वय आहे. मग एक दिवस तिनं अभ्यासाची सगळी पुस्तकं फाडली, एकेक पान काढून नव्हे, दोन्ही हातांत धरून टराटरा. कशाला, तर गणित सुटलं नाही म्हणून. मी कानाखाली दोन ठेवून दिल्या. पूर्वी मी डोळे वटारले तरी ही मुतायची घाबरून. आता सरळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मारा. अजून मारा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अजून मारलं.

आठवड्यानं शाळेतून बोलावणं आलं. वर्गातल्या एका मुलीच्या दंडात हिनं कंपासचं टोक खुपसलं होतं. त्या मुलीचे आईवडील बाकावर बसले होते, मुलीच्या दंडाला पट्टी. मी हात जोडून माफी मागितली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "घरी काही वातावरण वगैरे?" मी म्हटलं, "मॅडम, घर चांगलं आहे आमचं, मोबाइलनं नासलीय ही." घरी आल्यावर मोबाइल काढून घेतला तर तिनं आईच्या हाताला चावा घेतला. वरचे चार, खालचे चार, असे दातांचे ठसे दोन दिवस होते. बायको कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत होती, कुत्रं चावलं.

बायको मला एकदा हळूच म्हणाली, "अहो, ही अशी नव्हती. हिचं काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, "बिनसलंय ते तुझ्या लाडानं." आमच्या घरात मी बोललो की विषय संपायचा.

मग तो कुकरचा दिवस. दुपारी मी फर्स्ट शिफ्ट करून आलो होतो. बायको भात उतरवत होती, ती पोरीला एवढंच म्हणाली की आधी हात धू. झाकण ओट्यावर होतं. पोरीनं ते उचललं आणि फेकलं. फेकलं म्हणजे भिरकावलं नाही, नेम धरून मारलं. ते बायकोच्या भुवईवर बसलं. रक्त इतकं आलं की तिला डावा डोळा उघडता येईना. ती खाली बसली आणि "काही नाही, काही नाही" म्हणत राहिली.

मी पोरीला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत ओढलं. पाठीत, गालावर, डोक्यावर, कुठं बसतंय ते मी बघत नव्हतो. तिचा ओठ फुटला. ती मला नखं मारत होती, लाथा मारत होती, आणि असं ओरडत होती की मी तसला आवाज माणसाच्या पोराचा कधी ऐकला नाही. आणि खरं सांगतो, मारताना मला बरं वाटत होतं. दोन महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडत होतं. शेवटी बायको रक्तानं भरलेल्या तोंडानं मध्ये येऊन पडली, तेव्हा मी थांबलो. तिला तीन टाके पडले. डॉक्टरला आम्ही सांगितलं, ओटा लागला. पोरीच्या ओठाबद्दल कुणी विचारलं नाही, कारण तिला आम्ही घरीच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. एका मशीनवर माल वाईट निघत होता. आमच्याकडं पद्धत अशी आहे की माल वाईट निघाला तर ऑपरेटरवर ओरडायच्या आधी एकच विचारायचं, काय बदललं? माणूस बदलला, मशीनमध्ये काही बदललं, कच्चा माल बदलला, की करायची पद्धत बदलली? तसा बोर्डच लावलेला असतो लाइनवर. ऑपरेटर नांदेडकडचा, नवीनच. तो घाबरून म्हणाला, "सर, म्या काही नाही केलं. कालपासून नवा माल लावलाय फक्त." मी नव्या मालाचं क्रेट बाजूला घेतलं, त्याला लाल टॅग लावला. लाल टॅग म्हणजे या मालाला हात लावायचा नाही, लाइन थांबली तरी चालेल. टॅगवर तारीख टाकता टाकता माझा पेन थांबला. मला फ्रिजवरचा कागद आठवला.

आयला! बारा वर्षं मी लोकांना विचारतोय, काय बदललं. घरात दोन महिने रक्तपात चाललाय आणि मी एकदाही विचारलं नाही. तारखा मनातल्या मनात जुळवल्या. नवी गोळी पूर्ण सुरू झाली त्याच आठवड्यात पुस्तकं फाटली होती. जेवणाच्या सुट्टीत जेवलो नाही.

घरी आलो ते थेट गोळ्यांचं पाकीट उचललं. कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात. बायकोला सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "मॅडमना फोन करूया का? विचारूया?"

"काय विचारायचं त्यात? वाईट माल सापडला की बंद. माझं रोजचं काम आहे हे."

"अहो, ती काय तुमची लाइन आहे का? फिट आली तर?"

"दोन वर्षांत आलीय का एक तरी? बरी झालीय ती. आणि गोळी दिली तर उद्या तुझा डोळा फोडेल, चालेल?"

ती म्हणाली, "उद्या सकाळी तरी विचारा." मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

मग मी पोरीपाशी गेलो. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तिला सांगितलं, बाळा, तुझी चूक नव्हती, ती गोळी वाईट होती, आता बंद. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती रडली. ओठ सुजलेला, त्यामुळं रडताही नीट येईना. आईच्या टाक्यांना बोट लावून "खूप दुखलं का गं?" विचारत होती. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, डॉक्टरांना जमलं नाही ते आपण शोधलं.

दोन दिवस घरात सण होता. पोरगी हसली, दोन वेळा जेवली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघितला. मी बायकोला ऐकवलंसुद्धा, "काय म्हणत होतो?"

तिसरा दिवस गुरुवार, आमच्या कंपनीची आठवड्याची सुट्टी. सकाळी साडेसहाला पोरगी आरशासमोर शाळेची वेणी घालत होती. मी चहा पीत होतो. तिच्या हातातली रिबीन खाली पडली आणि ती उभीच्या उभी मागं गेली. पलंगाच्या लोखंडी कोपऱ्यावर डोकं आपटलं. त्याचा आवाज झाला. मग सगळं अंग ताठ, मग झटके. दात असे आवळलेले की जीभ चावून तोंडातून लाल फेस. आम्ही तिला कुशीवर वळवलं. बायकोनं नाकात मारायचा स्प्रे मारला, तो मॅडमनी फार पूर्वीच देऊन ठेवला होता. झटके कमी झाले, मी म्हटलं सुटलो, आणि परत सुरू झाले. पाच मिनिटं झाली, सात झाली. तिचे ओठ निळे पडत होते. बायको माझ्याकडं बघून एकच म्हणाली, "गाडी काढा!"

खालच्या मजल्यावरच्या माणसाची ओम्नी होती, त्यानं चालवली. मागं पोरगी आमच्या दोघांच्या मांडीवर, झटके चालूच. भोसरीच्या पुढं सकाळच्या कंपनी बसची रांग लागलेली. पुढं एक पांढरी गाडी मध्येच तिरकी उभी. हॉर्न दिला, हलेना. मी खाली उतरलो, बॉनेटवर मुठी मारल्या, आतला माणूस काच खाली करून "दिसत नाही का?" म्हणाला, तसा मी त्याचा साइडचा आरसा धरून उपटला. तो उतरला, त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याच्या छातीवर लाथ मारली. मागून बायको किंचाळत होती, "अहो, पोरगी मरतेय आणि तुम्ही मारामारी काय करताय!" तो माणूस मागं वळून ओम्नीत डोकावला. त्यानंच मग पळत जाऊन पुढच्या दोन गाड्या हलवल्या. त्याच्या आरशाचं त्यानं पुढं नावही काढलं नाही. तो मला परत कधी दिसलाही नाही.

हॉस्पिटलात स्ट्रेचर, सुया, ऑक्सिजन. मॅडम नेमक्या त्या दिवशी लवकर आल्या होत्या, हे आमचं नशीब. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या वेळेवर चालू आहेत?"

मी म्हणालो, "हो मॅडम. रोज घेते."

का म्हणालो? लाज वाटली म्हणून. एवढ्या सगळ्यांसमोर आपली अक्कल निघेल म्हणून. माझी पोरगी समोर तडफडत होती आणि मी माझी इज्जत सांभाळत होतो. मॅडम नर्सला म्हणाल्या, "चालू असून एवढी? मग डोक्याचा स्कॅन करावा लागेल, ताप आहे का बघा." त्या भलत्याच वाटेनं निघाल्या होत्या, आणि मला ते दिसत होतं, आणि मी तोंड उघडत नव्हतो.

बायको माझ्याहून निम्म्या वजनाची असेल. तिनं मला दोन्ही हातांनी असा धक्का दिला की मी सलाइनच्या स्टँडवर जाऊन आदळलो. "खोटं बोलतायत! गोळी बंद केलीय यांनी! तीन दिवस कुलपात ठेवलीय, किल्ली यांच्या खिशात आहे!" सगळा वॉर्ड बघत होता. लग्नाला सोळा वर्षं झाली, तिनं माझ्यावर हात टाकला तो तेवढा एकदाच. मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बंद केलेल्या गोळीतलंच औषध त्यांनी शिरेतून द्यायला सांगितलं, आणि पोरीला आत नेलं.

झटके थांबले. पण पोरगी शुद्धीवर आली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत ती बोलेल का, आपल्याला ओळखेल का, हे कुणी सांगत नव्हतं. बायको माझ्याशी बोलत नव्हती. मी तिच्यापासून एक बाक सोडून बसलो होतो. मला पहिल्यांदा रागच येत नव्हता, कुणाचाच नाही.

पोरीनं डोळे उघडले, पाणी मागितलं, आईला "मम्मी" म्हणाली. मग मॅडमनी मला केबिनमध्ये घेतलं. घरून मागवलेली फाइल त्यांच्यासमोर होती, तीच, प्लास्टिकच्या पिशवीतली. त्यांनी एक पान उघडून माझ्याकडं फिरवलं. त्यांच्याच अक्षरात, मराठीत, खाली रेघ मारून लिहिलेलं होतं: नवीन गोळीनं काही मुलांना खूप राग येतो, मारामारी करतात. तसं दिसलं तर लगेच दाखवायला या. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, जोराची फिट येते.

"हे मी तुम्हाला वाचूनही दाखवलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फोनवर होता. राग गोळीमुळंच होता, तुम्ही ओळखलंत ते बरोबर होतं. तेव्हाच आला असतात तर हळूहळू कमी करून आपण दुसरी लावली असती. आता तेच करणार आहोत. पण तुमच्या मुलीच्या पाठीवर आणि ओठावर ज्या खुणा आहेत, त्या कुठल्या औषधाच्या आहेत?"

त्या म्हणाल्या की हॉस्पिटलात समुपदेशन करणाऱ्या एक बाई आहेत, त्या घरी येऊन बघतील, आणि यासाठी आपण माझी परवानगी मागत नाही. मी मान हलवली.

पोरगी आठवड्यानं घरी आली. गोळी परत बदलली, यावेळी हॉस्पिटलच्या दोन्ही फेऱ्यांना फाइल माझ्या मांडीवर आणि फोन बायकोच्या पर्समध्ये. नव्या गोळीनं झोप येते थोडी, पण चिडचिड गेली. ताट जाग्यावर राहतं.

शाळेत परत जायच्या आदल्या दिवशी ती टेबलाशी बसून राहिलेला अभ्यास उतरवत होती. शाळेत सगळे आपल्याला मारकुटी म्हणतील, ही तिला धास्ती होती. मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसलो. म्हटलं, "हे बघ, तू कुणाला मारलं, चावलं, त्यात तुझा दोष नाही. मॅडमसुद्धा म्हणाल्या. तुझ्या अंगात ती गोळी होती, ती मारत होती. कळलं?"

तिनं लिहायचं थांबवलं. माझ्या हाताकडं बघितलं, चेहऱ्याकडं नाही.

"मग पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही कुठली गोळी घेता?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. आत ओट्यावर बायकोचे हात थांबले, ते मला इथं बसून कळलं. मी खरं तेच सांगितलं.

"कुठलीच नाही, बाळा."

तिनं मान डोलावली आणि पुढचं गणित उतरवायला घेतलं.